आयरिश संगीत कुठे ऐकायला मिळते? लिमरिकहून मिरजेला पत्र

लिमरिक,
२० जुलै २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलेत की, सुट्टी मिळाली रे मिळाली की मी संगीत ऐकायला म्हणून बाहेर पडते, ते संगीत नेमके कुठे चालते, आत कोण सोडते आणि त्याला पैसे कुठून येतात. आईनेही मागून "पबमध्ये जातेस का?" असे विचारलेले मला ऐकू आले. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, आणि मला तो मनापासून सांगायचा आहे, म्हणून हे पत्र सवडीने लिहीत आहे.

आधी पैशांचे सांगते, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे. विद्यार्थी व्हिसावर आम्हाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि जून ते सप्टेंबर या काळात ४० तास काम करता येते. कॅफेतील कामातून खोलीचे भाडे आणि किराणा भागतो. त्यानंतर जे उरते त्यात बसभाडे, एखाद्या रात्रीचे वसतिगृह आणि डब्यात घेतलेली पोळी-भाजी एवढेच बसते. विद्यार्थ्यांचे लीप कार्ड हे प्रवासाचे कार्ड असले की बसचे आणि रेल्वेचे भाडे बरेच कमी पडते. पर्यटकांसाठी तिकीट लावून होणारे नृत्य-संगीताचे मोठे प्रयोग येथे आहेत आणि त्यांतील कलावंत तयारीचे असतात, पण त्या वाटेला मी गेले नाही. ज्याला येथील लोक नुसते 'ट्रॅड' म्हणतात ते पारंपरिक संगीत बहुतांशी तिकिटाच्या बाहेरच राहते. ते जिथे सर्वांत चांगले वाजते तिथे पैसे भरून पुढची खुर्ची मिळत नाही. तिथे वेळेवर जावे लागते, गप्प बसता यावे लागते आणि पुन्हा पुन्हा जावे लागते.

त्या बैठकीला 'सेशन' म्हणतात. पबच्या एका कोपऱ्यातील टेबलाभोवती पाच-सात जण खुर्च्या ओढून बसतात, फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, टिन व्हिसल ही पत्र्याची शिट्टी, कॉन्सर्टिना ही भात्याची छोटी पेटी, बँजो असे सगळे बाहेर निघते आणि वाजवणे सुरू होते. व्यासपीठ नसते, ध्वनिवर्धक नसतो, निवेदक नसतो, आणि वाजवणाऱ्यांची तोंडे श्रोत्यांकडे नसून एकमेकांकडे असतात. पुष्कळ ठिकाणी पबचा मालक एक-दोन वादकांना थोडे मानधन देतो, म्हणजे ठरलेल्या रात्री कोणीतरी नक्की हजर राहते. बाकीचे आपखुशीने येतात. बाबा, मिरजेत उरुसाच्या वेळी मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी संगीतसभा होते, तिच्यात मोठमोठे गायक बिदागी न घेता हजेरी लावतात आणि आपण सतरंजीवर जागा मिळेल तिथे बसून ऐकतो. तुम्ही मला लहानपणापासून तिथे नेत होता म्हणूनच कदाचित येथे अशा जागी बसताना मला कधी परके वाटले नाही. फरक एवढाच की तिथे भाव हजेरीचा आणि सेवेचा असतो, येथे शेजाऱ्यांनी संध्याकाळी भेटण्याचा असतो.

आई, पबविषयी तुझ्या मनात जे चित्र आहे ते मला ठाऊक आहे. मी ज्या ठिकाणी बसते तिथे आजी-आजोबा आणि नातवंडे एका बाकावर बसलेली असतात. पंधरा वर्षांखालील मुलांना पालकांसोबत रात्री ९ पर्यंत, आणि मे ते सप्टेंबर या महिन्यांत १० पर्यंत, पबमध्ये बसू देतात. चहा सगळीकडे मिळतो, तो किटलीत आणून देतात, आणि त्या एका किटलीवर दोन तास बसले तरी कोणी उठवत नाही. तरीही काहीतरी विकत घ्यावे हा माझा नियम आहे, कारण त्या जागेच्या धंद्यावरच ती बैठक उभी असते. परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे पाहिल्याशिवाय मी बाहेर पडत नाही आणि शक्यतो वर्गातील मैत्रीण बरोबर असते.

सुरुवात लिमरिकमध्येच झाली. आमच्या विद्यापीठात आयरिश वर्ल्ड अकॅडमी ही संगीत आणि नृत्याची संस्था आहे. मिहॉल ओ सुलावॉन या पियानोवादक-संगीतकाराने ती १९९४ साली सुरू केली. तिथे सत्राच्या काळात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत विनामूल्य मैफली होतात. मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पण प्रयोगशाळेतून निघून तिथे जाऊन बसायला कोणाची परवानगी लागत नाही. तिथेच एका विद्यार्थ्याने सांगितले की डॉक रोडवरील 'डोलन्स' या पबमध्ये रात्री जा, आणि शनिवार टाळून जा. हा सल्ला मला पुढे फार उपयोगी पडला. शनिवारी गर्दी आणि गोंगाट असतो. सोमवार-मंगळवारी वादक स्वतःसाठी वाजवतात, आणि तेच ऐकण्यासारखे असते.

या बैठकीच्या काही रीती आहेत. कोणी त्या लिहून लावत नाही, पाहून समजून घ्याव्या लागतात. टेबलाभोवतीची खुर्ची रिकामी दिसली तरी तिथे बसू नये, ती उशिरा येणाऱ्या वादकाची असते. टाळ्यांचा ठेका धरू नये. फर्माईश करू नये. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी विचारावे. बहुतेक जण होकार देतात, आणि विचारल्याचे त्यांना बरे वाटते. कोणी गायला लागले की पेला खाली ठेवण्याचा आवाजसुद्धा होऊ देऊ नये. बोरॉन नावाचे बकऱ्याच्या कातड्याचे एक डफासारखे वाद्य आहे, ते लहानशा लाकडी दांडीने वाजवतात. ते एका बैठकीत एकच असावे, दुसरा वाजवणारा आला तर त्याने पहिल्याची विश्रांती होईपर्यंत थांबावे, असा संकेत आहे. तालवाद्य सुरावर चढू नये ही येथील मंडळींची धारणा मला पटते.

बाबा, तुम्हाला मात्रांच्या हिशेबात सांगते. सर्वांत जास्त वाजते ती रील, चार-चारच्या धावत्या चालीची. जिग सहाची, तिच्यावर मांडीवर दादरा धरला तर सुटत नाही. स्लिप जिग नऊची. याशिवाय हॉर्नपाइप आणि पोल्का. या सगळ्या मुळात नाचाच्या धुना आहेत. एका धुनेचे साधारणपणे दोन भाग, प्रत्येक आठ मापांचा (माप म्हणजे त्या चालीचे एक आवर्तन), प्रत्येक भाग दोनदा, असा ३२ मापांचा फेरा. तो सहसा तीन वेळा वाजवतात आणि मग न थांबता दुसऱ्या धुनेत शिरतात. सगळे जण एकच सुरावट वाजवतात, साथीचे स्वर बहुधा गिटार किंवा बुझुकी देते, आणि हे बुझुकी नावाचे तंतुवाद्य तर ग्रीसहून येथे १९६० च्या दशकात आलेले आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सगळ्या धुना सारख्याच वाटतात. पण कान लावून बसले की कळते की फिडलवाला जिथे बोटाने एक छोटी गिरकी घेतो तिथे बासरीवाला श्वास घेण्यासाठी एक स्वर सोडतो, आणि दुसऱ्या फेऱ्यात त्यांनी या जागा बदललेल्या असतात. आपल्या आलापाइतका मोकळा विस्तार येथे नाही. सारी कारागिरी त्या बत्तीस मापांच्या आत करायची. मला या शिस्तीचे फार कौतुक वाटते.

लिमरिकच्या उत्तरेला क्लेअर परगणा आहे आणि त्याचे मुख्य गाव एनिस. लिमरिकहून तिथे रेल्वेही जाते आणि बसही. एनिसला पोहोचले की मी आधी वाद्यांच्या दुकानात जाते. आज रात्री कुठे बैठक आहे आणि तिथे कोण वाजवणार आहे, हे दुकानातल्या माणसाइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही, आणि त्याला ते सांगण्यात आनंद असतो. क्लेअर हा कॉन्सर्टिनाचा मुलूख. षट्कोनी, दोन्ही हातांच्या मध्ये मावणारी ही भात्याची पेटी एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून स्वस्तात येऊ लागली आणि येथील शेतकरी घरांत, विशेषतः बायकांच्या हातांत, रुजली. एलिझाबेथ क्रॉटी या कॉन्सर्टिना वाजवणाऱ्या बाईंचे नाव येथे आजही आदराने घेतात. त्यांचा जन्म १८८५ चा, त्या आणि त्यांचे यजमान किलरश गावी पब चालवत, आणि गिऱ्हाइके सांभाळता सांभाळता त्या वाजवत. पूर्व क्लेअरमधील फीकलच्या बाजूची चाल पश्चिमेपेक्षा संथ आणि काहीशी उदास आहे. मार्टिन हेज हा आज जगभर ऐकला जाणारा फिडलवादक तिकडचाच. जाता न आले तर क्लेअर एफएम हे स्थानिक केंद्र संध्याकाळी पारंपरिक संगीत लावते, ते मी भांडी घासताना ऐकते.

आता मिलटाउन मालबेविषयी, कारण या महिन्यात मी तिथे जाऊन आले आणि अजून माझे मन तिथेच आहे. अटलांटिकच्या काठाजवळचे हे गाव म्हणजे एक मुख्य रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंची घरे-दुकाने. एरवी शांत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मात्र तिथे विली क्लॅन्सी समर स्कूल भरते आणि साऱ्या जगातून शिकणारे आणि शिकवणारे तिथे येतात. विली क्लॅन्सी हा याच गावचा सुतार आणि इलन पाइप्स या वाद्याचा थोर वादक. तो १९७३ च्या जानेवारीत वारला आणि त्याच वर्षी त्याच्या स्नेह्यांनी ही शाळा सुरू केली. सकाळी वर्ग असतात, त्यांना फी आहे. ती मला परवडणारी नव्हती. पण दुपारनंतर सबंध गाव वाजत असते, आणि ते सर्वांना खुले आहे. पबांत, स्वयंपाकघरांत, फुटपाथवर, उभ्या गाडीच्या मागच्या दारात बसून लोक वाजवतात. जुलैत येथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपार संपतच नाही. गावातल्या सगळ्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात. आम्ही दोघी मैत्रिणींनी एका शेतकऱ्याने तंबूंसाठी दिलेल्या शेतात तंबू लावला. दोन रात्री पाऊस लागला, पण तंबू टिकला आणि खर्च फार थोडा आला.

तिथे मी इलन पाइप्स प्रथम हातभर अंतरावरून पाहिले. वाजवणारा गृहस्थ वयस्क होता. त्याने पेटी उघडली, आधी कमरेला पट्टा बांधून उजव्या कोपराखाली एक छोटा भाता बसवला, डाव्या कोपराखाली कातडी पिशवी घेतली, आणि दोन्हींना जोडणारी नळी खोचली. या वाद्यात तोंडाने फुंकत नाहीत. उजवे कोपर दाबून भात्याची कोरडी हवा पिशवीत भरायची आणि डाव्या कोपराने ती दाबून नळ्यांत सोडायची, म्हणजे वेताची नाजूक जिव्हाळी (रीड) श्वासाच्या ओलाव्याने खराब होत नाही. सुरावट वाजते ती चॅन्टर नावाच्या नळीवर. तिचे खालचे तोंड त्याने मांडीवरच्या कातडी तुकड्यावर टेकवले होते, आणि स्वर तोडायचा झाला की तो ते घट्ट दाबून बंद करी. मांडीवर आडव्या तीन नळ्या अखंड आधारस्वर देतात आणि आणखी तीन नळ्यांवर पितळी चाव्या असतात, त्या मनगटाच्या कडेने दाबून साथीचे स्वर काढायचे, तेही बोटे चॅन्टरवर चालू असताना. सूर जुळवायला त्याला बराच वेळ लागला. बाहेर पाऊस होता आणि जिव्हाळी हवेप्रमाणे बदलते, असे त्याने शेजारच्याला सांगितले. बाबा, आपल्याकडचे सतारमेकर जवारी काढताना जसे कान टेकवून पुन्हा पुन्हा तार छेडतात, तीच एकाग्रता त्याच्या चेहऱ्यावर होती. मग त्याने एक संथ धून वाजवली आणि तो कोपरा शांत झाला.

त्याच्या शेजारी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी कॉन्सर्टिना घेऊन बसली होती. एक रील संपल्यावर त्याने तिच्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे पुढची तू काढ. तिने दोन माप एकटीने वाजवली, मग तो हळूच मागून आला, आणि मग बाकीचे. धून संपल्यावर त्याने तिला विचारले, ही कोणाकडून घेतलीस? तिने आपल्या शिक्षिकेचे नाव सांगितले. त्याने त्या शिक्षिकेने ती कोणाकडून घेतली असणार ते सांगितले, आणि तो माणूस कोणत्या गावचा होता तेही. येथे धून वाजवणाऱ्याच्या मालकीची नसते, पण ती कोणाच्या हातून आली हे सांगण्याची पद्धत आहे. विली क्लॅन्सीचीही गोष्ट अशीच सांगतात. गॅरेट बॅरी नावाचा एक अंध पाइप्सवादक १८९९ साली वारला. विलीचे वडील गिल्बर्ट यांनी त्याच्याकडून घेतलेले सूर मुलाला दिले. आणि पुढे १९३० च्या दशकात घोडागाडीतून गावोगाव फिरणाऱ्या जॉनी डोरनचे वादन ऐकून विलीने ते वाद्यच हाती घेतले. एवढी माणसे मध्ये आली म्हणून ती धून त्या मुलीपर्यंत पोहोचली. इलन पाइप्सच्या वादनपरंपरेचा युनेस्कोने २०१७ साली आपल्या वारशाच्या यादीत समावेश केला आहे, पण ती टिकली ती अशा कोपऱ्यांत.

मला वाटले होते की पबमधील ही बैठक शेकडो वर्षांची असेल. तसे नाही. पूर्वी हे संगीत घरांत, चुलीपाशी आणि चौरस्त्यांवरच्या नाचांत वाजत असे. १९३५ साली सार्वजनिक नाचांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला, आणि काही धर्मगुरू आणि पोलीस तो घरगुती नाचांनाही लावू लागले, तेव्हा ते घरांतून उठून सभागृहांत गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश तरुण इमारती आणि रस्ते बांधायला लंडनला गेले. भाड्याच्या लहान खोल्यांत वाजवायला जागा नव्हती, म्हणून ते संध्याकाळी पबमध्ये वाद्ये घेऊन जमू लागले. तिथली ही रीत मग मायदेशी आली. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, स्लायगोचा मायकेल कोलमन न्यूयॉर्कमध्ये फिडल वाजवत होता. त्याच्या तबकड्या बोटीने घरी आल्या आणि इकडच्या खेड्यांतले वादन त्यांनी बदलून टाकले. आणि या संगीताचा सर्वांत मोठा संग्रह केला तो शिकागोच्या पोलीसप्रमुखाने! फ्रान्सिस ओनील, जन्म १८४८, कॉर्क परगण्यातला. शिकागोत आयरिश माणसांना जमवून त्याने धुना उतरवून घेतल्या आणि १९०३ साली १८५० धुनांचे पुस्तक छापले. घरापासून दूर गेलेल्या माणसांनी हे संगीत इतके सांभाळले, हे वाचल्यापासून येथे राहताना मला वेगळेच बळ आले आहे.

डूलिन आणि गॉलवे येथेही जाऊन आले. गॉलवेहून क्लेअरच्या किनाऱ्याने जाणारी ३५० क्रमांकाची बस डूलिन आणि मोहरच्या कड्यांवरून एनिसला जाते, एकाच भाड्यात समुद्र आणि संगीत दोन्ही होते. डूलिन आता पर्यटकांनी गजबजलेले आहे. तरी दुपारी लवकर पोहोचले तर चांगले ऐकायला मिळते. गॉलवेत शहराच्या मधोमध असलेल्या 'टिग कोली' या पबमध्ये रोज वाजते, पण उभे राहायलाही जागा नसते. मला सी रोडवरचा 'क्रेन' हा पब अधिक आवडला.

डब्लिन महाग आहे आणि टेंपल बार भागात माइकवर जे वाजते ते बरेचसे पर्यटकांना ठाऊक असलेल्या गाण्यांपुरते असते. पण विद्यार्थ्याने डब्लिनला जाण्याचे खरे कारण म्हणजे मेरियन स्क्वेअरमधील आयरिश पारंपरिक संगीताचे अभिलेखागार. १९८७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत कोणीही जाऊन विनामूल्य ध्वनिमुद्रणे ऐकू शकते. मी तिथे कानाला हेडफोन लावून दिवसभर बसले आणि अनेक वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांची वादने ऐकली, मध्येच खुर्ची सरकल्याचा किंवा कोणी खोकल्याचा आवाजही त्यांत होता. हेनरिएटा स्ट्रीटवर ना पीबरी इलन ही १९६८ साली स्थापन झालेली पाइप्सवादकांची संस्था आहे. एकेकाळी ही वाजवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्यांनी एकत्र येऊन वर्ग आणि वाद्यनिर्मितीचे शिक्षण सुरू केले. आणि संध्याकाळी स्मिथफील्डमधील 'कॉबलस्टोन'. २०२१ साली या पबच्या जागी आणि भोवती हॉटेल बांधण्याची योजना आली, तेव्हा वादक आणि श्रोते शवपेटी खांद्यावर घेऊन महापालिकेवर मोर्चाने गेले, आणि त्या नोव्हेंबरात पालिकेने परवानगी नाकारली. जागा गेली तर संगीतही जाते, हे तिथल्या लोकांना नीट कळते.

गाण्याविषयी थोडे. कॉनेमारा या पश्चिमेकडील आयरिशभाषी भागात 'शॅन-नोस' नावाची गायकी आहे. एकटा गायक, कसलीही साथ नाही, ठरलेला ठेका नाही, शब्दांच्या ओढीने लांबणारा स्वर आणि त्यावर बारीक हरकती. गाणारा डोळे मिटतो, आणि कधी कधी शेजारचा त्याचा हात हातात घेऊन हलकेच फिरवत राहतो. शेमस एनिस हा संग्राहक १९४२ साली युद्धामुळे पेट्रोल मिळत नसताना डब्लिनहून सायकलने तिकडे गेला आणि कोलम ओ कीआन या एका शेतकरी-कोळ्याकडून त्याने २१२ गाणी उतरवून घेतली. त्यासाठी तो त्याच्या घरी राहिला, त्याच्याबरोबर शेतात काम केले. माझ्या खर्चाच्या वहीकडे पाहताना मला त्या सायकलीची आठवण होते.

मी डी पट्टीची एक टिन व्हिसल घेतली आहे. पत्र्याची सहा छिद्रांची शिट्टी, दहा-बारा युरोला मिळाली. येथे शिकणाऱ्यांसाठी 'स्लो सेशन' असतात, तिथे धुना अर्ध्या लयीत वाजवतात आणि चुकलेल्याला कोणी हसत नाही. दोन जिग आणि एक पोल्का बसत आले आहेत.

आई, एक काम आहे आणि ते लवकर करावे अशी माझी विनंती आहे. आजीला जात्यावरच्या ओव्या येतात, त्या फोनवर मुद्रित करून ठेव. पंखा बंद कर, फोन तिच्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेव, आणि मध्ये थांबवू नकोस. प्रत्येक ओवीनंतर ती कोणाकडून शिकली, ती बाई कोणत्या गावची, दळताना सोबत कोण असायचे, हे तिलाच तिच्या शब्दांत सांगू दे. ते सांगणेही ओवीइतकेच मोलाचे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्याहून गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणजे हे काम आपल्याकडे झालेले आहे; पण त्यांत आपल्या आजीचा आवाज नाही. अभिलेखागारात बसल्यापासून ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

ऑगस्टच्या ३ ते १० तारखांना वेक्सफर्डला 'फ्ला ख्योल' आहे. १९५१ साली मलिंगरला पहिला भरला, तो हा देशभरच्या वादकांचा मेळा. परगणा आणि प्रांत या पायऱ्या जिंकून आलेले स्पर्धक तिथे वाजवतात आणि रस्त्यांवर अखंड बैठकी चालतात. मी मधल्या वारी जाऊन दुसऱ्या दिवशी परतणार आहे, मैत्रिणीच्या मावशीकडे झोपण्याची सोय झाली आहे, आणि बसभाडे बाजूला काढून ठेवले आहे. त्यामुळे बाबा, कृपा करून पैसे पाठवू नका. तिथून आल्यावर मुद्रणे पाठवीन, ती हेडफोन लावून ऐका आणि मला मात्रांविषयी तुमचे मत कळवा.

आजीला साष्टांग नमस्कार आणि धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
लेक